पहिलं नको

"वंदनाभाभी, एक गंमत सांगू?" रुचि अर्धं दार उघडून हसत म्हणाली. "तुमची ईश्वरी आहे ना, काही द्यायला गेलं की आधी दाराकडे बघते. मम्मीजींनी ताटली पुढे केली की हिची मान दाराकडे. दार बंद असतं, दारात कुणी नसतं, तरी बघते. मग म्हणते, नको आजी, पोट भरलंय. रोजचंच आहे. आम्ही तर आता वाटच बघतो, आता बघणार, आता बघणार म्हणून." शनिवारची संध्याकाळ होती. मी नुकतीच कंपनीतून येऊन ईश्वरीला घ्यायला समोरच्या दारात उभी होते, एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. मीही हसले. शेजारीण आपल्या लेकराची गंमत सांगत असेल तर हसायचं असतं, एवढं मला कळतं. ईश्वरी आतून दप्तर ओढत आली, लाडबाईंना, म्हणजे रुचिच्या सासूबाईंना, टाटा केला, बुटांची टाच तुडवत आमच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी कुलूप उघडलं, आत गेले, कोथिंबीर ओट्यावर टाकली आणि मागे वळून आमच्याच दाराकडे बघत राहिले. दार काय, दारासारखं दार. आतल्या बाजूला खुंटीवर ईश्वरीचं जुनं स्वेटर, वर प्लास्टिकचं तोरण. ही पोरगी परक्या घरात दाराकडे काय बघते, हे मला या दाराकडे बघून कळणार नव्हतं. तरी गॅस पेटवायचं सोडून मी बघत होते.

लाडबाईंचं घर तसं परकं म्हणवत नाही. जालन्यात अंबड रस्त्याला आम्ही हा फ्लॅट घेतला तेव्हा पहिल्या दिवशी पाण्याची कळशी त्यांच्याकडूनच आली. त्यांचे यजमान कचरूलालजी यांचं भांड्यांचं दुकान, मुलगा पारस दुकानावर, सून रुचि घरात. जैन घर, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत त्यांची जेवणं उरकतात, आणि ईश्वरी शाळेतून येऊन माझी वाट बघत बसते त्या ऐन भुकेच्या वेळी त्यांच्या गॅसवर कढई चढलेली असते. लाडबाई मुगाच्या डाळीच्या कचोऱ्या अशा करतात की वास जिन्यापर्यंत येतो. आणि खाऊ घालायची त्यांची तऱ्हा म्हणजे आग्रहाची. एकदा नको म्हटलं की त्यांना जोर येतो. "अरे ले बेटा, थारे वास्तेच बनवली," म्हणत त्या मागे लागतात, हात धरतात, रुसल्यासारखं करतात. ईश्वरी नको म्हणते, त्या वाढतात, ती एखादी कचोरी कुरतडत बसते, असं हे वर्षभर चाललेलं. मला वाटायचं, चांगलं वळण लागलंय पोरीला. दुसऱ्याच्या घरी हावरटासारखं करत नाही. पण हे वळण मी लावलं कधी? मी तिला कधी समोर बसवून सांगितलं होतं, की बाई गं, कुणी दिलं तर नको म्हण? आठवेना. पाढे शिकवल्याचं आठवतं, बुटांची नाडी शिकवल्याचं आठवतं. हे शिकवल्याचं काही केल्या आठवेना.

मला स्वतःला मात्र आठवतं. माहेरच्या हसनाबादहून आष्टीला मावशीकडे जायचं म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाला, दोन एसट्या बदलून. कौसल्यामावशी दारातच कवटाळायची, आणि हातपाय धुवून होत नाहीत तोवर पुढ्यात शेवयाच्या खिरीची वाटी. वाटी पुढे आली की मी आईकडे बघायचे. आई तिकडे भिंतीशी बसलेली, बहिणीशी बोलत असलेली, पण बोलता बोलता तिचे डोळे माझ्यावर यायचे आणि थांबायचे. बस, तेवढंच. ती ओरडायची नाही, चिमटा काढायची नाही, मानही हलवायची नाही. नुसते डोळे. त्या डोळ्यांसमोर मी म्हणायचे, नको मावशी, खाऊन आले. सकाळी भोकरदनच्या स्टँडवर निम्मी पोळी खाल्लेली असायची, ती एव्हाना कुठच्या कुठे गेलेली. मावशी पुन्हा म्हणायची, मी पुन्हा नको. मावशी तिसऱ्यांदा म्हणायची तेव्हा मी पुन्हा एकदा आईकडे बघून, "थोडीशीच" म्हणून वाटी घ्यायचे. यातला हिशेब मला कुणी सांगितला नव्हता, तो मीच बांधला होता. पहिलं विचारणं रीत म्हणून, दुसरं चांगुलपणा म्हणून, तिसरं खरं. तिसऱ्याच्या आधी हो म्हणणारा माणूस अधाशी. आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर? तर समजायचं की पातेल्यात खीर नव्हती, आणि आपण नको म्हणालो ते बरंच झालं.

हे शेवटचं मला फार लहानपणी कळलं होतं आणि त्याचं मला कौतुक होतं. आमच्याच घरी एकदा बाबांचे कुणी ओळखीचे आले होते, सोबत त्यांची माझ्याएवढी मुलगी. आईने शिरा केला होता, मोजकाच. त्या मुलीने पहिल्याच वेळी "हो, द्या" म्हटलं, आणि संपवून वाटी पुन्हा पुढे केली. आई हसत हसत वाढत राहिली. मग आम्ही जेवायला बसलो तेव्हा आई म्हणाली, "मला आज ग्वाडाचं नकोच वाटून राह्यलंय." मी तिच्या ताटाकडे बघितलं आणि मला त्या मुलीचा इतका राग आला की विचारू नका. तेव्हा वाटलं, नको म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावून न बघता त्याची अब्रू राखणं. अजूनही मला ते वाईट वाटत नाही. किंबहुना आमच्याकडचं सगळ्यात चांगलं काय असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण तो आमच्याकडचा नियम आहे आणि समोरचा माणूस आमच्याकडचा नसेल तर काय होतं, ते मला आदल्याच दिवशी, शुक्रवारी, पुरतं कळलेलं होतं.

मी इथल्या एका बियाण्यांच्या कंपनीत, उगवण तपासायच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत बी मांडायचं, उबेच्या खोलीत ठेवायचं, दिवस भरले की गुंडाळी उलगडायची आणि बघायचं, कोण उगवलं, कोण वाकडं उगवलं, कोण मेलं. काही बी असंही निघतं की जे मेलेलं नसतं, उगवलेलंही नसतं, नुसतं पाणी पीत नाही. लग्नाआधीपासून मी हे काम करते आणि मला ते आवडतं. रोज गुंडाळी उलगडताना अजूनही उत्सुकता वाटते, पोरींना घडी केलेली चिठ्ठी उघडताना वाटते तशी. आमच्या इन्चार्जबाई बदलून पुण्याला चालल्या आहेत. त्यांची खुर्ची खिडकीशी आहे. हा लॉट बाजारात जाऊ द्यायचा नाही असं म्हणायचा अधिकार त्या खुर्चीला आहे. मी निर्णय घेते आणि त्या सही करतात, असं गेली कित्येक वर्षं चाललंय. ती खुर्ची मला हवी होती. किती हवी होती ते मी नवऱ्याला, रामप्रसादलाही बोलले नव्हते. शुक्रवारी मोठ्या सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर गुजरातचे, माणूस सरळ, मराठी समजतं पण बोलतात हिंदी. म्हणाले, "मॅडम, इन्चार्ज की पोस्ट खाली हो रही है. आप सँभालेंगी? सोमवार को नाम भेजना है." आणि मी म्हणाले, "नको सर. मला कुठे जमणार. असू द्या." सर म्हणाले, "ओके, ठीक है," आणि कॉम्प्युटरकडे वळले.

मी उभीच. मी वाट बघत होते. आता ते म्हणतील, अहो असं काय मॅडम, तुमच्याशिवाय कोण आहे. मग मी म्हणणार, नको सर, घरी लहान मुलगी आहे. मग ते म्हणणार, काही होत नाही, घ्याच. मग मी म्हणणार, तुम्ही इतकं म्हणताय तर बघते. सगळं ओठावर तयार होतं. सरांनी मान वर केली आणि विचारलं, "और कुछ?" मी म्हटलं, "नाही," आणि बाहेर आले. तो सगळा दिवस मी सरांवर चिडून होते. दुसऱ्यांदा विचारायला या माणसाच्या जिभेला काय झालं होतं? काय माणसं असतात, एकदा विचारतात आणि मोकळी होतात. संध्याकाळपर्यंत राग उतरला. आणि आता, शनिवारी, गॅसपाशी उभी राहून, रुचिचं बोलणं डोक्यात घोळवत असताना मला एकदम आठवलं की सरांनी विचारणं आणि मी नको म्हणणं यांच्यामध्ये मी एक गोष्ट केली होती. मी दाराकडे बघितलं होतं. केबिनचं दार बंद होतं, दारात कुणी नव्हतं. तरी बघितलं होतं.

रविवारी मी ईश्वरीवर प्रयोग केले. दुसरा शब्द नाही. सकाळी तिच्यापुढे शेंगदाण्याचा लाडू धरला. तिने कुठेही न बघता घेतला आणि तोंडात कोंबला. मग रामप्रसादला धरायला लावला, तसंच. खाली वॉचमनच्या बायकोने बोर दिलं, तेव्हा मात्र मान माझ्याकडे. मी मुद्दाम आकाशाकडे बघत राहिले. ती थांबून राहिली, बोर घेतलंच नाही. म्हणजे घरात नाही, बाहेर. रामप्रसाद बदनापूरच्या संशोधन केंद्रात नोकरीला आहे, रोज रेल्वेने जाऊन येऊन करतो, आणि रविवारी त्याला कुणी विचार करायला लावलेलं आवडत नाही. मी त्याला सगळं सांगितलं, सरांचंसुद्धा. तो म्हणाला, "आपलं सगळ्यांचंच असं हाये. आपल्या लग्नानंतर मी हसनाबादला आल्तो तर तुझ्या आईनं मला दोनदाच इचारलं. तिसऱ्यांदा इचारलंच न्हाई. मी रात्रभर उपाशी." मला हसू आलं. "मंग सांगायचं न्हाई का?" "कोणाला सांगू? नव्या जावयानं भाकर मागायची का?" मग तो जरा वेळाने, पेपरमधून तोंड न काढता म्हणाला, "सोमवारी जाऊन सांग ना सरला. बिलकुल जाऊन सांग." कुणी विचारलेलं नसताना हो म्हणायला जायचं, याचं मला नावच माहीत नव्हतं. अधाशी हा शब्दसुद्धा त्यापुढे लहान वाटत होता.

दुपारी मी आईला फोन लावला. आमची आई उषाबाई एरवी फोनवर हवापाणी आणि तुरीचं सोडून बोलत नाही. त्या दिवशीही अंगणात तूर पाखडत बसली होती, सुपाचा आवाज येत होता. मी म्हणाले, "आई, एक इचारू का? कोणाकडं गेलं का पयलं नको म्हणायचं, हे तू मला कवा शिकिवलं?"

"म्या कवा शिकिवलं?" सूप थांबलं. "मला ठावं न्हाई बाई. तू तर आपोआपच नको म्हणत होतीस. मलाच नवल वाटायचं."

"आपोआप कसं? तू माझ्याकडं डोळे वटारून बघायचीस. आष्टीला मावशीकडं. खिरीची वाटी आली का तू बघायचीस."

"डोळे वटारून?" आईला खरंच लागलं असावं. "वंदे, मी वटारून न्हवते बघत. मी बघायचे का तुला ते खरंच पायजे का. तुझं तोंड कळायचं मला. तू नको म्हणलीस तरी तुझा डोळा वाटीतच राह्यचा. मंग मी ध्यानात ठिवायचे. घरी आल्यावर तेच करून घालत होते न्हवं तुला? इसरलीस?"

आठवलं. आष्टीहून परत आल्यावर, दोन-चार दिवसांनी, आमच्याकडे शेवयाची खीर व्हायची. भोकरदनला कुणाकडे तरी गव्हाच्या कुरड्या तळलेल्या होत्या आणि मी घेतल्या नव्हत्या, मग पुढच्या आठवड्यात आईने शेजारणीकडून कुरड्या आणून तळल्या होत्या. मला वाटायचं योगायोग. म्हणजे मला काही वाटायचंच नाही, मूल कधी असं काही जोडून बघत नाही. जे डोळे नको म्हणताहेत असं मी समजत होते, ते मला विचारत होते. तुला पाहिजे का? इतकी वर्षं मी त्या डोळ्यांना भीत आले, त्यांच्यासाठी बंद दाराकडे बघत आले. "आई," मी म्हणाले, "मंग तू तव्हाच का न्हाई म्हणलीस, का घे?" आई हसली. "मी कशी म्हणू? माझी आई माझ्याकडं बघायची त्ये मला बी वटारल्यावानीच वाटायचं की." मग ती पुन्हा तूर पाखडू लागली आणि म्हणाली, थंडी फार पडू राह्यली, पोरीला कानाला बांधून शाळेत धाड. मला रडू येत होतं आणि गंमतही वाटत होती, दोन्ही एकदम.

सोमवारी मी उबेच्या खोलीतून कागदाच्या गुंडाळ्या काढल्या, त्या तशाच ट्रेमध्ये ठेवल्या आणि हात पुसत सरांच्या केबिनमध्ये गेले. बसा म्हणायच्या आत बोलून टाकलं. "सर, शुक्रवारी मी नको म्हणाले ते धरू नका. मला ती पोस्ट पाहिजे." पाहिजे हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा कान तापले. सर खुर्चीत मागे टेकले. "लेकिन मॅडम, आपने तो मना किया था." मी म्हणाले, "हो सर. आमच्याकडे पहिलं नको धरत नाहीत." ते मोठ्यांदा हसले. "मतलब? भुजंग ने भी मना किया. मैंने सोचा, यहाँ किसी को ऊपर जाना ही नहीं है क्या? सब ना बोलते हैं." भुजंग माझ्यानंतर लागला, कामाला वाघ आहे, आष्टीकडचाच. मला चटकन कळलं की त्याचं नको म्हणजेसुद्धा पहिलंच. त्या क्षणी मला आईचं ते शिरा नसलेलं ताट आठवलं. मी कुणी न बोलावता आत येऊन वाटी पुढे केली होती, आणि भुजंग बाहेर भिंतीशी खाऊन आलो म्हणत बसला होता. मी म्हणाले, "सर, त्यालाही पुन्हा विचारा. दोनदा विचारा." सरांना आता मजा वाटायला लागली होती. त्यांनी तिथल्या तिथे भुजंगला बोलावलं.

तो आला तो वाळूने भरलेले हात पाठीमागे लपवत. सरांनी विचारलं. भुजंग म्हणाला, "न्हाई सर, मला कशाला? ताईलाच द्या." सरांनी माझ्याकडे बघून हसत पुन्हा विचारलं, "पक्का? सोच लो, फिर पूछ रहा हूँ." आणि भुजंगने उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या डोळ्यांत. एवढं लहान बघणं की सरांना कळलंही नसेल. मला कळलं, कारण गेले दोन दिवस मी त्याच एका गोष्टीचा विचार करत होते. "पक्का सर," तो म्हणाला. "ताई सीनियर हायेत. बराबर हाये." आणि तो गेला. माझ्या डोळ्यांनी त्याला काय सांगितलं? मी त्याला विचारत होते की त्याला पाहिजे का, खरंच तेच विचारत होते, पण बाहेरून ते कसं दिसलं असेल? मला माझे डोळे दिसत नाहीत. आईलाही दिसत नव्हते. सर म्हणाले, "तो ठीक है, आपका नाम भेज देता हूँ. हाँ, सीझन में शाम को रुकना पड़ेगा. सात, कभी साढ़े सात. चलेगा?" मी म्हणाले, "चालेल सर." हो म्हणायची सवय इतकी नवी होती की एकदा सुरू झाल्यावर ती थांबवता आली नाही. बाहेर आल्यावर भुजंग ट्रेमधल्या वाळूत चाचणीचा मका पेरत होता. मी त्याच्यापाशी जाऊन हळूच म्हणाले, "भुजंग, खरं सांग." तो म्हणाला, "खरंच सांगून राह्यलो ना ताई," आणि ट्रेवर वाकला. ते कितवं नको होतं, मला सांगता येणार नाही. त्या दिवशी गुंडाळ्या उलगडताना माझं मन लागलं नाही. एकीकडे आनंद होता, उड्या मारण्यासारखा, आणि त्याच्या पोटात हा खडा.

संध्याकाळी जिना चढताना हिंगाचा वास आला. लाडबाईंच्या दाराला कडी नव्हती, मी बेल न वाजवता ते हळूच लोटलं. मला बघायचं होतं. ईश्वरी चटईवर बसलेली, पाठमोरी. लाडबाई कचोऱ्यांची ताटली घेऊन आल्या, वाकल्या, "ले बेटा, गरम गरम." आणि ईश्वरीची मान वळली. रुचिने सांगितलं होतं तशीच, अगदी तशीच. फक्त आज दारात मी होते. आमची नजरानजर झाली. मला माझे डोळे आपलं काम करताना जाणवले, म्हणजे कपाळाला कुठे तरी ओढ बसली, आणि मी मनात म्हटलं, वंदना, आता तोंड उघड, नाहीतर ही पोरगी तिशी-चाळिशीपर्यंत दारांकडे बघत राहील. मी आत गेले आणि तिच्याशेजारी चटईवर बसले. "लाडबाई, मला द्या एक. मला भूक लागली आहे." लाडबाई गडबडल्या. सगळा आग्रह त्यांच्या ओठावर आलेला, आता तो करायचा कुणाला? "हां हां, लो ना," म्हणून त्यांनी दोन वाढल्या. मी एक मोडली आणि ईश्वरीला म्हणाले, "तुला पाहिजे का? माझ्याकडे बघू नको. कचोरीकडे बघ आणि सांग. पाहिजे असली तर पहिल्यांदाच हो म्हणायचं. कुणी रागवत नाही."

ईश्वरीने कचोरीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "नको," ती म्हणाली.

"अगं, खरं सांग."

"खरंच नको." मग ती माझ्या कानाशी आली, पण तिचं कुजबुजणं सगळ्या घराला ऐकू जातं. "मला तो वास आवडत नाही. हिंगाचा. कधीच आवडला नाही. पण तू म्हणतेस ना, खाण्याला नावं ठेवायची नाहीत. म्हणून मी पोट भरलंय म्हणते. तरी आजी देतातच." लाडबाईंनी तोंडाला पदर लावला. रुचि आतून हसायला लागली. मीही हसले असते, पण मला अजून एक विचारायचं होतं. "मग दाराकडे का बघायचीस गं?"

तिला प्रश्नच कळला नाही. सोप्या गोष्टी विचारल्या की ती अशी बघते. "तू आलीस का ते बघायला," ती म्हणाली.

मी दोन दिवस काय काय रचत बसले होते. माझे डोळे, आईचे डोळे, आजीचे डोळे, पिढ्यान् पिढ्यांचं वळण. आणि ही बाई, बोराचं काय असेल ते असो, इथे तरी नुसती माझी वाट बघत होती. आई आली की ताटलीतून सुटका, एवढंच. मी तिचं एक नको वर्षभर चांगलं वळण म्हणून मिरवलं, माझ्या आईने माझ्या नकोमागचं पाहिजे ओळखून त्याची खीर केली होती. मला तेवढंही जमलं नव्हतं. आणि आज दुपारीच मी सात, साडेसातला चालेल म्हणून आले होते. लाडबाई म्हणाल्या, "कल से थारे वास्ते बिना हिंग की बनाऊँगी, बस?" ईश्वरीने न लाजता मान डोलावली.

घरी येऊन मी पोळी गरम केली, तूप लावलं, गूळ चुरला. ईश्वरी ओट्याला टेकून उभी होती. मी म्हणाले, "मला एक नवं काम मिळणार आहे. मला ते फार पाहिजे होतं. पण मला यायला रोज उशीर होईल. आत्ता येते त्याच्यापेक्षा बराच. चालेल तुला?" तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते शोधल्यासारखं. मी चेहरा तसाच ठेवायचा प्रयत्न केला. कसा ते देव जाणे.

"नको," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा विचारायचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. आमच्याकडची रीत तीच, आणि दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तिने माझ्यासाठी हो म्हटलं असतं, हे मला नक्की माहीत होतं. मी विचारलं नाही. पोळीची गुंडाळी करून तिच्या हातात दिली. उद्या सकाळी सरांच्या केबिनमध्ये पुन्हा जायचं होतं. सर, पोस्ट मला पाहिजे. आणि मला आत्तासारखंच पाचला निघायचं आहे. सर म्हणतील, मॅडम, आप तो रोज बात बदल देती हैं. म्हणू देत. कदाचित नाव परत घेतील, कदाचित भुजंगला पुन्हा एकदा विचारतील, आणि या वेळी तो हो म्हणेल. मला भीती वाटत होती, ती लपवण्यासारखी नव्हती. पण मला दोन्ही पाहिजे होतं आणि दोन्ही मी पहिल्याच वेळी मागणार होते.

"आई," ईश्वरी तोंडात घास ठेवून म्हणाली, "अजून गूळ पाहिजे." तिने कुठेच बघितलं नव्हतं, माझ्याकडेसुद्धा नाही. मी डबा उघडला.